टू-फोर-थ्रीच्या खाली नाही

भाऊ पेडणेकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात फॉर्म टाइप करत होते. त्याला आता सहा आठवडे झाले. घशाच्या कॅन्सरने त्यांचे फार हाल केले, शेवटी शेवटी पाण्याचा घोटही उतरत नव्हता. तेराव्याला अल नहदाच्या त्यांच्या फ्लॅटवर आम्ही सगळे जमलो होतो, आणि तिथे, वहिनींच्या देखत, एका गृहस्थांनी सुस्कारा सोडला. "आयुष्यभर बंदुका विकल्या हो… मुक्या जनावरांचा तळतळाट लागतोच." दोन-चार माना हलल्या. वहिनी तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. मी गप्प बसले, आणि त्याची मला अजून लाज वाटते. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांनी माना हलवल्या त्यांनी तरी जरूर वाचावं.

आमचं दुकान इथे आखातात, देराच्या बाजारात. खाली मासेमारीचे गळ, दोऱ्या, तंबू. वर रायफली आणि दुर्बिणी. चौऱ्याण्णव साली मी तिथे कागदपत्रं बघायला लागले. पुण्याची, शाकाहारी, सासूबाईंना पत्रात "स्पोर्ट्सचं दुकान" एवढंच कळवलं होतं. इथे शिकारीला परवानगी नाही, त्यामुळे आमची गिऱ्हाइकं म्हणजे परवाना असलेली, शिकारीसाठी परदेशी जाणारी इथली बडी माणसं. भाऊ मूळचे वेंगुर्ल्याकडचे. पंधरा वर्षं लष्करात बंदुका दुरुस्त करून इथे आलेले. गिऱ्हाईक समोर बसलं की भाऊ रायफल काढायचेच नाहीत. आधी चहा, मग तीन प्रश्न. कुठला प्राणी? कुठला देश? किती लांबून? उत्तरं नीट मिळाली नाहीत तर चहा पाजून परत पाठवायचे. आमचे मुंबईचे मॅनेजर कपाळावर हात मारून घ्यायचे.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भाऊंनीच शिकवलं. रायफलीच्या नावातला आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी. टू-टू-थ्री बारीक, कोल्ह्याबिल्ह्याला पुरे. टू-फोर-थ्री त्याहून जाड आणि जड, हरणासाठी तिथून पुढे. युरोपातल्या कितीतरी देशांच्या कायद्यात कुठल्या हरणाला कमीत कमी केवढी गोळी हवी हे चक्क लिहिलेलं असतं, आणि भाऊंनी ते सगळे कायदे मागवून, वहीत उतरवून, पाठ केले होते. "कायदा सांगतो याच्या खाली जाऊ नको," ते म्हणायचे. "वर कुठे थांबायचं ते आपल्या खांद्याला विचारायचं." एकदा एक तरुण हरणासाठी थ्री-सेवन-फाइव्ह मागायला आला. भाऊंनी शांतपणे विचारलं, "उधर हाथी भी है क्या?" मग त्याला समजावलं की एवढ्या मोठ्या बंदुकीचा धक्का बसणार या भीतीने घोडा ओढतानाच डोळे मिटतात, नेम हलतो, गोळी पोटात जाते, आणि पोटात गोळी लागलेलं हरीण लवकर मरत नाही. ते पळतं, झाडीत जाऊन बसतं, एकेक दिवस काढतं… हे सांगताना भाऊंचा आवाज खाली यायचा. तो मुलगा निम्म्या किमतीची रायफल घेऊन गेला.

सत्त्याण्णवमध्ये अबू राशिद आले. दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, स्वभावाने दिलदार. युरोपात मोठ्या हरणांच्या शिकारीला निघाले होते. नुकतंच खांद्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून धक्का न बसणारी टू-टू-थ्री हवी होती. भाऊ म्हणाले, "टू-फोर-थ्री के नीचे नहीं, साहब. थोडी भारी रायफल देता हूँ, वजन धक्का खा जाता है, पीछे रबर लगाता हूँ, कंधे को कुछ नहीं होगा."

"हबीबी, मेरा निशाना पक्का है."

"आपका निशाना पक्का है, साहब. हिरन तो हिलेगा ना?"

अबू राशिद हसले, पण हट्ट सोडला नाही. आमच्या फॉर्मवर रायफल कशासाठी हा रकाना असायचा आणि त्याखाली भाऊंची सही. भाऊंनी पेन खाली ठेवलं. मॅनेजर त्यांना बाजूला घेऊन माझ्यासमोरच म्हणाले, "पेडणेकर, साइन करा. नाहीतर व्हिसा कॅन्सल, खलास." भाऊंची मुलगी दहावीला होती, परीक्षा तीन महिन्यांवर. व्हिसा गेला की नोकरी, घर, शाळा, सगळं एका महिन्यात गुंडाळायचं, हे इथे राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. भाऊंनी तेलाचे हात फडक्याला पुसले. "करा कॅन्सल," म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

मग मॅनेजर फॉर्म घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "शैला मॅडम, डियरच्या जागी टार्गेट टाइप करा. टार्गेट प्रॅक्टिसला कुठलीही रायफल चालते, सही तुमची चालेल." मी टाइप केलं. सही केली. मला तर कुणी धमकीसुद्धा दिली नव्हती.

भाऊंचा व्हिसा वाचला तो केवळ दुसऱ्या कुणाला रायफली दुरुस्त करता येत नव्हत्या म्हणून. शिक्षा म्हणून दुरुस्तीचं काम नसेल तेव्हा त्यांना खाली गळ विकायला बसवलं. तिथेही सुंभ जळला तरी पीळ कायम! साइटवरचे आपल्याकडचे कामगार शुक्रवारी सुट्टीला गळ घ्यायला आले की हे विचारायचे, "खंयचो मासो? खंय धरतलंस?" आणि लहान माशाला मोठा गळ मागितला तर द्यायचे नाहीत.

दोन महिन्यांनी अबू राशिद परत आले. वर न येता थेट भाऊंसमोर जाऊन बसले. मी जिन्यातच थांबले. "हिरनी थी," ते म्हणाले. "पेट में लगा. दो दिन ढूँढा, कुत्ते लेकर. नहीं मिली." मला वाटलं, आता भाऊ म्हणणार, मी सांगितलं होतं… भाऊंनी विचारलं, "कंधा कैसा है, साहब?" त्याच दुपारी अबू राशिदनी आमच्या अरबाबना, म्हणजे मालकांना, फोन केला आणि भाऊ पुन्हा वर आले. मी त्यांच्यापाशी जाऊन कसंबसं म्हटलं, "भाऊ, सही माझी होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पुन्हा करू नकोस."

एवढंच. पुढची सहा वर्षं त्यांनी तो विषय काढला नाही.

आता बोला. कसला तळतळाट आणि कुणाचा? दर शुक्रवारी मटण आणताना बोकड कसा मेला हे ज्यांनी कधी विचारलं नाही, त्यांनी भाऊंच्या पापपुण्याचा निवाडा करावा? शिकार मला आजही आवडत नाही. पण ती होणारच असेल तर जनावराला कळायच्या आत संपावी, यासाठी पोटच्या पोरीचं वर्ष पणाला लावणारा माणूस मी एकच पाहिला. आणि त्या हरणीचा तळतळाट कुणाला लागायचाच असेल, तर तो अल नहदाला जाणार नाही. माझ्या घरी येईल. पत्ता चुकायचं कारण नाही.

भाऊंचं टेबल अजून तसंच आहे. तेलाने काळं झालेलं फडकं घडी करून ठेवलेलं, ते ना वहिनींनी नेलं, ना आम्ही उचललं. ते आजारी पडल्यापासून फॉर्मवर मीच सही करते. गेल्या आठवड्यात एक फॉर्म आला. टू-टू-थ्री, कशासाठी तर टार्गेट. त्या गिऱ्हाइकाने सकाळीच मला हरणांच्या जंगलाचे फोटो कौतुकाने दाखवले होते. मी तो फॉर्म घेऊन भाऊंच्या खुर्चीत जाऊन बसले, टार्गेट खोडून पेनाने डियर लिहिलं आणि तसाच मॅनेजरसमोर ठेवला. त्यांनी सहीची कोरी जागा बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, व्हिसा नकोय का तुम्हाला?"

"हवाय," मी म्हटलं, आणि पेनाला टोपण लावलं.