राणीचं आलवण

आमच्या भिवराकाकू पंधराव्या वर्षी विधवा झाल्या आणि जन्मभर लाल आलवणातच राहिल्या. एकोणीसशे आठ साली जुन्नरच्या हौशी मंडळीनं एक ग्रीक शोकनाटक मराठीत बसवलं. नवरा गमावलेल्या राणीला तालीममास्तरांनी मुद्दाम आलवण दिलं. म्हणाले, "हा रंग दिसला की दुःख वेगळं सांगावं लागत नाही." राणी झालेल्या दामू कासारासाठी काकूंचंच आलवण मागून नेलं. नाटकात सगळे रडले, मास्तर तर हुंदके देऊन.

दुसऱ्या दिवशी मास्तर बैलगाडीनं नारायणगावाला निघाले. समोरून त्याच आलवणात काकू आल्या. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते! "अपशकुन झाला," म्हणत मास्तरांनी गाडी माघारी वळवली.

काकू भर रस्त्यात कडाडल्या, "मग काल याच आलवणापुढे कशाला रडलात? आत पुरुष होता म्हणून?"