अंगावरून गेलेल्या बेचाळीस बाया

केनवडच्या आशा सेविका भागिरथाबाईला एकच खोड होती. समोरची बाई जे बोलेल ते, तिच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. चौदा वर्षांत तिनं कुणाच्या दुखण्याला आपल्या पदरचा शब्द जोडला नाही. म्हणूनच नवऱ्यालाही न सांगितलेलं बाया तिला सांगत.

वाशीमच्या डॉक्टर नरेंद्रसाहेबांना बढतीसाठी संशोधनाचा पेपर हवा होता. ते म्हणाले, "घरोघर विचारून या, ताई. पेपर छापून आला की गावात दर आठवड्याला बायकांची डॉक्टर बसवू." भागिरथानं उन्हातान्हात साठ घरं पालथी घातली. बेचाळीस बायांनी एकच सांगितलं, "अंगावरून लय जाते." महिन्यातले दहा-दहा दिवस रक्त. शेजारची सोजरबाई तर पार पांढरीफटक पडली होती. डॉक्टरीण येणार, असा भागिरथानं तिला शब्द दिला.

साहेबांना वही वाचायला कुठली सवड! त्यांनी पानांचे फोटो एआयला दिले आणि चहा मागवला. चहा येईस्तोवर पेपर तयार, तोही फर्ड्या इंग्रजीत. तपासणाऱ्या विद्वानांनीही तो डोळे मिटूनच तपासला असावा. पेपर छापून आला, साहेबांना बढती मिळाली, वर हार नि शाल.

भागिरथाची लेक स्नेहा कॉलेजात शिकते. तिनं तो पेपर आईला मराठीत सांगितला. केनवडच्या साठातल्या बेचाळीस बायांच्या अंगावरून म्हणे वाहनं गेली होती. काहींच्या तर दर महिन्याला. उपाय काय, तर गतिरोधक.

भागिरथा तडक वाशीमला गेली. "साहेब, अंगावरून जाते म्हंजे गाडी नाही जात. रगत जाते."

लाज वाटायचं सोडून साहेब म्हणाले, "एआय चुकत नाही, ताई. तुमचं अक्षर नीट नसेल. आता छापलं ते छापलं."

ती वही त्यांच्या टाळक्यात हाणावी असं तिला वाटलं. पण नोकरी होती, वही पिशवीत घालून परतली.

पेपरची बातमी झाली, बातमीवरून ठराव झाला आणि गावाच्या तोंडाशी हा एवढा उंच गतिरोधक बसला. डॉक्टरीण काही आली नाही.

मग एका सकाळी सोजरबाई चुलीपुढंच कोसळली. भागिरथानं तिला ऑटोत घातलं, डोकं मांडीवर घेतलं. गाव सुटता सुटता ऑटो असा आदळला की सोजरबाई कळवळली.

"हे काय व माय, नवीनच?"

"तुह्या दुखण्याचा इलाज हाय," भागिरथा म्हणाली.