मुखरूभाऊची गळकी बांधी

मुखरूभाऊच्या धानाच्या बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातून, थेंब गळेल तर शपथ! धुऱ्याला, म्हणजे त्या बांधाला, खेकड्यानं भोक पाडलेलं दिसलं की हा माणूस जेवण सोडून चिखल थापायला धावायचा. दुसऱ्या कुणाला धुऱ्याला हात लावू देत नसे. आम्ही शेजारी त्याला भरपूर हसून घ्यायचो.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यानं एका बांधीत लसूणघास लावला, तो म्हशीपायी. म्हैस सुगंधाबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, माहेरची. "हिरवा चारा हाये तोवर ठेव, नाई तं नेतो," असं तिचा भाऊ बजावून गेला होता. सुगंधाबाई तिचं दूध भद्रावतीच्या कॉलनीत घालायची. म्हशीवर तिचा फार जीव.

आणि घासाचे शेंडे पिवळे पडले. कृषी सहायकानं पाहून सांगितलं, जमिनीत बोरॉन कमी आहे. वाळूत मिसळून फेकायला त्यानं थोडा टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, दिला. "वरून हलकं पाणी द्या," म्हणाला.

मुखरूभाऊनं तो फेकला आणि जन्मभर धानाला केलं तेच केलं. एवढीशी दवाई वाहून जाऊ नये म्हणून तलावाचं पाणी घेऊन बांधी घोटाभर भरली, तोंड पक्कं बुजवलं आणि खुशाल जिवतीकडे बहिणीच्या घरच्या लग्नाला गेला. तिकडे चांगले पंधरा दिवस रमला.

परतताना भद्रावतीच्या बसस्टँडवर सहायक भेटला. भाऊनं आपली हुशारी ऐकवली. सहायकानं कपाळाला हात लावला. "अहो, तो काय धान आहे? पाणी साचलं की घासाची मुळं सडतात!"

भाऊ घरी न जाता थेट शेताकडे पळाला. धुऱ्यावर सुगंधाबाई उभी होती. त्याला मान वर करवेना.

"तुही म्हैस मीच घालवली वो," तो रडायलाच लागला.

"काऊन? पाहा तं खरं!"

बांधी कोरडी होती. घासाला हिरवेगार नवे शेंडे फुटले होते. धुऱ्याला मूठभर भोक होतं.

"तुमी गेले त्याच राती पानी निंगून गेलं," ती म्हणाली. "बुजवनार होती. पन धुऱ्याले हात लावला तं तुमी बोंबलता, मून राहू देलं."

भाऊ भोकापाशी खाली बसला. जीव भांड्यात पडला होता, तरी सवयीनं हातात चिखलाचा गोळा आलाच. भोकाच्या तोंडाशी खेकडा बसलेला. भाऊनं गोळा हळूच बाजूला ठेवला.

"राह्य बापा," तो खेकड्याला म्हणाला, "हे घर तुहंच."