मैनेचा तंग

आमच्या विंझरला कुणी 'काल ओढ्यापाशी काहीतरी दिसलं' म्हणालं, की 'आधी डोळे तपासून या' म्हणणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण जे झालं ते झालं.

आम्ही नवरा-बायको घोड्यांवरून फिरवून आणायचे कॅम्प चालवतो. मैना ही घोडी माझ्या सासऱ्यांची, आबांची लाडकी. आबा मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यानंतरच्या पहिल्याच कॅम्पला आमची लेक सई मैनेवर बसून येणार होती – तिची पहिलीच वेळ. नवरा तंबू आणि भांडी पिकअपमध्ये टाकून पुढे वेल्ह्याला गेला होता. मी चंदीच्या दाण्यांची पिशवी, अंग घासायचा खरारा, सईचं स्वेटर असं खोगिराला दोन्हीकडे सारखं वजन करून बांधत होते, आणि सई फाटकापाशी नाचत होती. "आई, चल की गं! किती येळ!"

मैनेची एक खोड आहे. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, बांधायला घेतला की ती पोट फुगवते. चालायला लागली की पोट बसतं, पट्टा सैल पडतो आणि खोगीर माणसासकट फिरतं. आबा म्हणायचे, "घाई न्हाई करायची. जरा बोल तिच्याशी, श्वास सोडू दे, मंग आवळ." पट्ट्याचं उरलेलं टोक ते उलटं दुमडून आत खोचायचे. तसं आमच्यात दुसरं कुणी करत नाही.

त्या दिवशी घाईत मी एकदाच आवळला आणि निघालो. सई वर, मी लगाम धरून पुढे. वाटेत थांबलो नाही, कुणी भेटलंही नाही.

ओढ्याचा उतार लागला, सगळे दगडगोटे... आणि मला तंग आठवला.

"सई, हलू नको."

पट्ट्याखाली बोटं घातली, तर जेमतेम गेली. मी लावला होता त्याच्या दोन भोकं पुढे होता तो. टोक उलटं दुमडून आत खोचलेलं.

"तू हात लावलास याला?"

"न्हाई गं. माझा हात पोचतो का तितं?"

मी तिथंच मैनेच्या मानेला डोकं टेकून रडले. भीती अजिबात वाटली नाही, खरंच.

नवरा म्हणतो, "तूच आवळला असशील, सवयीनं." असेलही. पण ते टोक? मला आजही तसं खोचता येत नाही.

हल्ली निघण्याआधी मी तंग लावते आणि मैनेकडे पाठ करून जरा वेळ उभी राहते. मग वळून बघते. दर वेळी माझ्याच भोकात असतो, सैल. मग मीच आवळते. पण पाठ करून उभं राहायचं काही सोडवत नाही.