बुधाजीच्या स्वेटरचं टोपडं

लोकर तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मालूने सुया भिंतीवर भिरकावल्या. मग त्या डाक्टरीणबाईंकडून उसन्या आणल्यात हे आठवलं, आणि निमूट उठून शोधू लागली. एक चुलीमागे सापडली, दुसरी कोंबड्यांच्या खुराड्यात. डाक्टरीणबाईंच्या घरी भांडी घासता घासता ती सुलट-उलट विणायला शिकली होती. पण बाईंची लोकर नवी, मऊ, सांगेल तशी वळणारी. ही तसली नव्हती.

ही होती बुधाजीच्या स्वेटरची. बुधाजी म्हणजे मालूचा नवरा. लढाई संपल्यावर शिपायांचे उतरलेले कपडे पनवेलच्या बाजारात ढिगाने आले, त्यातला तो खाकी स्वेटर. अकरा वर्षं पेटीत पडून त्याला कसर लागली होती. उसवायला घेतलं की दोन हात धागा नीट निघायचा आणि कसरीने खाल्लेल्या भोकाशी तुटायचा. निघालेला धागाही शेवयांसारखा कुरळा. सुईवर घेतला की दुभंगायचा. एक टाका गळला की त्याच्याखालचे पाच-सहा त्याच्या मागोमाग जायचे, जशी काही त्यांना जायचीच घाई.

आणि हातात दिवस होते तीन.

मालूची एकुलती लेक वेणू वहाळ गावी दिलेली. तिला आठव्या महिन्यातच मुलगा झाला होता, ओंजळीत मावेल एवढा, तोही ऐन पौषात. वेणूची आधीची दोन बाळंतपणं माहेरी झाली होती, मालूच्या हातची. दोन्ही पोरं पंधरवडा बघायच्या आत गेली. म्हणून या खेपेला वेणूच्या सासूने, कृष्णाबाईने, सून पाठवलीच नाही. निरोप मात्र पाठवला. पाचवीला या, पोराच्या डोक्याला उबदार काहीतरी आणा. नवं नको.

नवं नको, हे का सांगावं लागतं? सव्वा महिना पोराला जुन्यातच ठेवायचं, ही रीतच. तेही हयात माणसाच्या जुन्यात, म्हणजे त्याचं आयुष्य पोराला लागतं. आधीची दोन्ही पोरं मालूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली होती. आता स्वतःच्या लुगड्याकडे तिला बघवत नव्हतं. घरात दुसरं जुनं काय, तर पेटीतला स्वेटर.

अकरा वर्षांमागे नवरात्रात, एका पहाटे बुधाजी मिठाचा मचवा घेऊन निघाला तेव्हा मालूने स्वेटर पुढे केला होता. "उकडतंय गं. ठेव, आल्यावर घालीन," म्हणाला. दोन दिवसांनी मचवा खाडीच्या तोंडाशी पालथा सापडला. बरोबरचे दोघं मिळाले, एक जिता, एक मेलेला. बुधाजी मिळालाच नाही. भावकी म्हणे, बारा वर्षं होऊ दे, मग गवताचा पुतळा करून क्रिया करू. मालू म्हणे, करा तुमचा पुतळा, माझा माणूस येणार हाय. अकरा वर्षं ती कपाळभर कुंकू लावून बंदरावर मिठाच्या पाट्या वाहत होती. बाया मागून काय बोलतात ते तिला पाठ होतं.

तिसऱ्यांदा तुटलेली लोकर बघायला शेजारची ताहिरा आली. ताहिराचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी. उरलेलं वर्ष ती नमाजाच्या जाळीदार टोप्या क्रोशाने विणायची.

"अल्ला! मालूबाय, हे टोपडं हाय की चिमणीचं घरटं?"

"हस तू. तुला हसायला काय जातंय?"

"रडून टाके उचलले जातात का? आण इकडं."

ताहिराने पहिल्यांदा लोकर पाण्यात भिजवून दोरीवर टांगली आणि खाली पाटा-वरवंट्यातला वरवंटा बांधला. सकाळपर्यंत शेवया बऱ्यापैकी सरळ झाल्या. मग तिने मालूच्या हातात आकड्याची सुई दिली.

"एकच सुई?"

"एकच. तुझ्या दोन सुयांवर चाळीस टाके जिते ठेवायचे. त्यातला एक मेला की बाकीचे गेलेच. इथं एका वेळी एकच टाका सांभाळायचा. धागा तुटला तरी तेवढाच एक धरायचा. मागचे आपापल्या जागी बसलेले असतात."

मालूला ते पटलं, पण हाताला पटेना. मिठाने फाटलेली बोटं, त्यात लोकर अडकायची. साखळी कधी एवढी आवळायची की आकडा आत शिरेना, कधी एवढी सैल की अंगठा जाईल. गोल धरायला सांगितलं तर पुरणपोळीच्या जागी द्रोण व्हायचा. ताहिराने चार वेळा उसवायला लावलं.

"गाठ आतून नको घेऊस गं. पोराच्या टाळूला टोचेल. गाठी सगळ्या बाहेर."

"भाएर दिसतील ना मंग."

"दिसू देत. टोचण्यापरीस दिसलेल्या बऱ्या."

पाचवीच्या सकाळी टोपडं झालं. खाकी रंगाचं, बाहेरून गाठींनी भरलेलं, फणसासारखं. आतून मात्र मऊ. मालूने ते गालाला लावून बघितलं. अकरा वर्षांनी त्याला वास कसला असणार? तरी ती बराच वेळ गालाला धरून बसली.

वहाळला वेणू खाटेवर पडली होती, तोंड उतरलेलं. पोर कापसात ठेवलं होतं आणि त्याचे ओठ निळसर होते. शेजारच्या चार बाया सटवाईच्या पूजेची मांडामांड करत होत्या. मालूने टोपडं काढलं तशी एक म्हणाली, "आगं बाई, पोरगा जल्मला की शिपाई?" सगळ्या हसल्या. वेणूही जराशी हसली.

कृष्णाबाई हसली नाही. तिने टोपडं हातात घेऊन उलटसुलट बघितलं. बाई तोंडाने कडक, पण त्या पोरापायी पाच रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता तिचा.

"ईनबाय, कोनाची लोकर?"

"वेनूच्या बापाची."

वेणूने मान वळवली.

"मी वाईट बोलत नाय," कृष्णाबाई हळूच म्हणाली. "तुमी कुकू लावता, आमी कवा काय बोललो का? पन हे पोर हाय. दोन गेली. तुमी याच्या टाळूवर हात ठेवा आनि सांगा, तो जिता हाय. मी आत्ता घालते."

केवढं सोपं होतं. अकरा वर्षं जे ती बंदरावर, भावकीत, विहिरीवर ठणकावून सांगत आली, तेवढंच सांगायचं होतं. मालूने हात पुढे केला. टाळू गार होती, आणि तिच्या खाली काहीतरी बारीकसं धडधडत होतं. थांबेल की काय असं वाटावं, इतकं हलकं.

"आये," वेणू म्हणाली.

मालूने हात उचलला, टोपडं कृष्णाबाईच्या हातून काढून घेतलं आणि पदराखाली धरलं.

"तुमचंच कायतरी घाला," ती म्हणाली.

कृष्णाबाईने स्वतःच्या खांद्यावरची जुनी शाल फाडली.

परतताना मालू खाडीकाठाने चालत आली. ताहिरा दारातच होती. "बसलं का गं डोक्याला?" म्हणून विचारायला तोंड उघडलं तिने, आणि मालूचं कपाळ बघून मिटलं. कुंकू पुसलेल्या जागी कातडी गोरी पडली होती, भिंतीवरची तसबीर काढल्यावर दिसते तशी.

बारा वर्षं पुरी व्हायला अजून नऊ महिने होते. मालूने वाट बघितली नाही. आठवड्याभरात भावकीने खाडीवर गवताचा पुतळा केला, धोतर गुंडाळलं. तो उचलायच्या वेळी मालू पुढे झाली आणि तिने ते गाठींचं टोपडं पुतळ्याच्या डोक्यावर बसवलं. दीर कुरकुरला, लहान होतंय म्हणून. गवताचं डोकं, दाबलं की बसलं.

"आसू दे," ती म्हणाली. "आल्यावर घालीन म्हनला होता."

वेणूचं पोर जगलं. कुणाच्या आयुष्यावर जगलं ते कृष्णाबाईने कधी बोलून दाखवलं नाही, आणि मालूने विचारलं नाही. आकड्याची सुई ताहिराने परत मागितली नाही. मालू पुढे पुष्कळ वर्षं तिच्याबरोबर टोप्या विणायला बसायची, पांढऱ्या सुताच्या. लोकर मात्र तिने पुन्हा हातात धरली नाही.