सोळा नखांची हत्तीण

पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले मोबाइलवर काढून देणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. बिनपैशाचा. नोव्हेंबर लागला की भिलाईच्या स्मृती नगरमधल्या आमच्या ओसरीत चपलांचा ढीग पडतो. चेहरा स्क्रीनवरच्या गोलात धरायचा, पापणी मिटायची, की सरकारची खात्री पटते की हा माणूस अजून आहे. मला या कामात भारी मजा येते.

अशाच एका सकाळी जवळच्या जुनवानीचे एक काका आले. सत्तरी ओलांडलेले, मूळचे भंडाऱ्याकडचे, रसमड्याच्या कारखान्यात चौकीदारी करून निवृत्त झालेले. दाखला निघाला तरी ते खुर्चीवरून उठेनात.

"ताई, हत्तीचा निघते का जी असा?"

मी हसले. ते हसले नाहीत.

मग कळलं की चौकीदारीच्या आधी ते सर्कशीत माहूत होते. सर्कस भिलाईला आली असताना त्यांना कावीळ झाली, दवाखान्यात ठेवलं आणि सर्कस पुढच्या गावाला निघून गेली. त्यांची हत्तीणही गेली. "आठ दिवसांत येतो म्हणून सांगतलं होतं तिले," ते म्हणाले. "गेलोच नाई. आधी अंगात ताकद नव्हती, मंग इथंच लग्न झालं, काम भेटलं. मंग जायची लाज वाटे. ते हाय का मेली, एवढंच पाहून द्या. हे माहीत झाल्याबिना मले मरता येत नाई."

आता मला एखाद्यानं असं सांगावं आणि मी गप्प बसावं, हे शक्य नाही. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये मी तीस वर्षं मेंटेनन्स प्लॅनिंगला होते. प्रत्येक मोटरचं, प्रत्येक क्रेनचं हिस्ट्री कार्ड माझ्याकडे असे. कधी बसवली, कधी जळली, कुठून कुठे गेली, सगळं. त्याच संध्याकाळी मी एक कोरं कार्ड काढलं आणि वर हत्तिणीचं नाव लिहिलं. नवरा म्हणाला, "आता हत्तीचंबी शटडाऊन प्लॅन करून राहिली का तू?" मी म्हटलं, वेळ आली तर करीन.

ते दोन महिने मी जेवणसुद्धा उभ्या उभ्या उरकत होते! जुन्या सर्कशीच्या जाहिराती, लोकांनी टाकलेले लहानपणचे फोटो, प्राणिसंग्रहालयांच्या याद्या, वनखात्याची मालकीपत्रं. सर्कशीतले जुने लोक एकेक करून फोनवर सापडू लागले. कुणी झोपाळ्यावरचा, कुणी तंबू ठोकणारा, आणि एक म्हातारा जोकर तर असा गप्पिष्ट की माझ्या फोनची बॅटरी संपायची, त्याची नाही. एक धागा सापडला की मी एकटीच टाळी वाजवायचे. नवऱ्यानं हिंदीतून लेकीला कळवून टाकलं की आई हाताबाहेर गेली आहे.

आणि नाव सापडलं. भिलाईनंतर ओरिसाकडच्या मुक्कामात तेच नाव, मग एका जत्रेत, मग सर्कस बंद पडल्यावर एका प्राणिसंग्रहालयात. पत्र पाठवलं, उत्तर आलं. त्या नावाची हत्तीण तिथे होती, म्हातारी होऊन तीन-चार वर्षांपूर्वी गेली.

कार्ड पूर्ण झालं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आणि त्या पूर्ण झाल्याच्या आनंदात मी लगेच काकांना फोन लावला. आज आठवलं की माझाच कान पिळावासा वाटतो. "काका, सापडली!" असं मी आधी ओरडले आणि मग सांगितलं की ती गेली.

ते म्हणाले, "बरं झालं जी, तुमी पाह्यलं." आणि फोन ठेवला. चार दिवसांनी त्यांच्या सुनेकडून कळलं की त्यांनी मुंडण केलंय. घरात कुणालाच कळेना, सासऱ्यांनी सुतक कुणाचं धरलंय.

मला वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, कार्डाचा अभिमानही होता. ते पुन्हा पुन्हा वाचताना माझी नजर एका रकान्यावर अडकली. मालकीपत्रात हत्तीच्या अंगावरच्या खुणा लिहितात आणि पायांची नखंसुद्धा मोजतात. बहुतेक हत्तींची अठरा असतात, काहींची वीस. या हत्तिणीची अठरा होती. आणि काकांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं, की त्यांच्या हत्तिणीची सोळाच. सोळा नखांचा हत्ती घरात ठेवू नये असं मानणारे लोक असतात, म्हणून ती सर्कशीला स्वस्तात मिळाली होती.

मी खुर्चीवरून उडालेच. प्लांटमध्ये नव्या पोरांना मी हीच एक गोष्ट ओरडून ओरडून शिकवली होती. मोटरवर रंगवलेला नंबर जागेचा असतो, मोटरचा नाही! जळालेली मोटर काढतात, दुसरी बसवतात, नंबर तोच रंगवतात. खरी मोटर ओळखायची तर तिच्या अंगावर ठोकलेला आकडा बघायचा. आणि मी, तीस वर्षांची मास्तरीण, दोन महिने रंगवलेल्या नंबरामागे धावत होते.

जोकरला फोन लावला. तो म्हणाला, त्यात काय, पोस्टर छापलेली असायची, हत्ती विकला तरी नाव कुठे विकायचं? पुढच्या हत्तीला तेच. तुमची ती सोळा नखांवाली तर भिलाईनंतर दुसऱ्याच सीझनला विकली, लग्नाच्या वरातीवाल्यांना.

मी तश्शी स्कूटर काढली आणि जुनवानीला गेले. काका दारात बसले होते. डोक्यावर पांढरे खुंट आले होते. मी हात जोडले आणि म्हटलं, "काका, मी चुकले. मेली ती दुसरीच."

त्यांनी डोक्यावरच्या खुंटांवरून हात फिरवला. "मंग माही कुठं हाय?"

"माहीत नाही. पण आता मी अंगावरचा आकडा बघून शोधणार."

या वेळी कार्डावर नाव लिहिलंच नाही. सोळा नखं, उजव्या कानाच्या खालच्या कडेला चीर, शेपटी मधेच वाकडी. काका रोज येऊन बसायचे आणि चहा पिता पिता एकेक खूण सांगायचे. वरातीवाल्यांकडून ती एका मठात गेली होती, मठातून एका लाकूडवाल्याकडे, दर ठिकाणी वेगळं नाव. आणि एका दुपारी उत्तरेकडच्या एका हत्ती-केंद्राच्या फोटोंमध्ये, चिखलात लोळणाऱ्या एका म्हातारीच्या कानाला चीर दिसली. मी एवढ्यानं किंचाळले की शेजारीण भाजी टाकून आली. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, नखं मोजाल का? दुसऱ्या दिवशी चारही पायांचे फोटो आले. आम्ही दोघांनी ओसरीत बसून मोजली. मी तीनदा, काकांनी एकदाच.

दुर्गहून गाडी धरली. काका रस्ताभर खिडकीशी बसून होते, मी रस्ताभर बोलत होते.

केंद्रात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला कुंपणाशी नेलं. ती लांब, पाठमोरी, उसाची कांडी मोडत उभी होती. पाय सुजलेले, चालताना एक पाय ओढत होती. इथे तिच्याकडून कुणी काही करून घेत नाही, बाईंनी सांगितलं. काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हेच होय ताई. पाहा ना शेपूट."

तिचे कान थांबले. ती सावकाश वळली, कुंपणाजवळ आली, आणि तो सुजलेला पुढचा पाय तिनं वर उचलला, सोंड कपाळाला लावली आणि तशीच उभी राहिली. सलाम. बाकीचे तीन पाय थरथरत होते. कुणी सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत कधीच नाही.

"रख! नीचे रख!" काकांचा आवाज फाटला. पाय खाली आला. ते डोळे पुसत मला काहीतरी सांगायला लागले, तर पाय पुन्हा वर.

तेव्हा त्यांना कळलं, आणि मलाही. त्यांचा आवाज कानावर पडला की तिचा पाय वर. पाय खाली ठेव म्हणायला ते शेवटचं एकदा बोलले आणि मग खांद्यावरचा गमछा त्यांनी तोंडावर दाबून धरला. दोन तास ते कुंपणाला टेकून उभे होते. तिनं सोंडेनं त्यांचं डोकं चाचपलं, वाढलेले खुंट हुंगले, खिसे तपासले, पुन्हा ऊस खायला लागली. ते हुंकारले नाहीत, खोकले नाहीत. माझ्यासारखी बडबडी बाईसुद्धा गप्प होती.

परतताना रिक्षानं पहिलं वळण घेतलं, केंद्राचं फाटक दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी गमछा खाली घेतला.

"बोलायचं लय होतं जी," ते म्हणाले.