वाघाने पाठवलेला भोपळा

मोबाइलवरचे गेम म्हणजे वेळेचा चुराडा, हे माझं ठाम मत आहे. मोबाइलवरच रोज दोन-दोन तास भांडून मी ते लोकांना पटवत असतो.

पण बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिच्या गेममधली शेती माझ्या गळ्यात पडली. डोळ्यावर पट्टी बांधून ती पलंगावरून हुकूम सोडत होती, "अहो, वांग्यांना पाणी घातलंत का?"

मी बोटाने पाणी घालत होतो. तेवढ्यात शेजारच्या शेतातून भेट म्हणून एक भोपळा आला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं वाघाचं चित्र होतं. मी तिला तसं सांगितलं.

"मग तुम्ही काय पाठवलंत?"

"काही नाही."

ती उठूनच बसली. "शेजाऱ्यांचा डबा आपण कधी रिकामा परत केलाय का? डझनभर अंडी पाठवा आधी. काय म्हणतील ते?"

ते म्हणजे कोण? हा वाघ कुठल्या देशातला, बाई की पुरुष, कुणाला ठाऊक! समोरचा अनोळखी असला की वाटेल ते बोलायला आपण मोकळे, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ही मात्र त्याच अनोळखी माणसापुढे लाजत होती.

मी मुकाट्याने अंडी पाठवली आणि माझा मोबाइल उघडला. सकाळी क्रिकेटच्या वादात मी एका अनोळखी माणसाला गाढव म्हटलं होतं. त्याचं उत्तर आलं होतं.

डबा त्यानेही रिकामा पाठवला नव्हता.